टंकांच्या पडद्याआड

महाजालावर मराठी अवतरली ती दृश्यरूपाने, अक्षररूपाने नव्हे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या खास टंकात, म्हणजे फाँटमध्ये, मजकूर देत. वाचकाने तो फाँट उतरवून घेतला की देवनागरी उमटे. आत मात्र रोमन अक्षरांचे नि चिन्हांचे संकेतांक साठवलेले असत. शोधयंत्र संकेतांकच वाचते. त्याच्या लेखी ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द त्या पानावर नव्हताच! वस्तुतः युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोजमध्ये तिची सोय झाली २००० साली. त्यापुढचा विलंब बव्हंशी आपल्या सवयींचा.

मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली ‘रोबॉट्स.टीएक्सटी’ ही फाईल म्हणजे फिरत्या यंत्रांसाठी दारावरची पाटी. २०२३ मध्ये ओपनएआयने ‘जीपीटीबॉट’ जाहीर केल्यावर अनेक वृत्तपत्रांनी त्याच पाटीवर त्याला मज्जाव लिहिला. जुन्या मराठी पानांना पाटीची गरजच नव्हती. त्यांतली जी टिकली, पण युनिकोडात आली नाहीत, ती यंत्रांना आजही निरर्थक आहेत. रूपांतरासाठी प्रत्येक फाँटचा वेगळा तक्ता लागतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकलेली असल्याने तिची जागाही बदलावी लागते. आणि फाँटचे नावच हरवले असेल, तर आधी तो ओळखण्यापासून आरंभ.