विहिरीवरचे इंजिन आणि दारातली मोटार : माणदेशातील घरगुती दुरुस्तीचा इतिहास

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुका, सांगली जिल्ह्याच्या उत्तरेकडील आटपाडी तालुका आणि त्यांना लागून असलेला खटाव व सांगोल्याचा काही भाग मिळून जो प्रदेश होतो, त्याला माणदेश म्हणतात. महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावणारी आणि पंढरपूर तालुक्यातील सरकोलीजवळ भीमेला मिळणारी माणगंगा त्याच्या मधून वाहते. मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडल्याने येथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. या प्रदेशाचा इतिहास बहुधा दुष्काळ, मेंढपाळी आणि स्थलांतर या तीन अंगांनी लिहिला गेला आहे, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु त्यामुळे विसाव्या शतकात येथील सामान्य माणसाने कमावलेल्या यंत्रज्ञानाची, विशेषतः बिघडलेली मोटार स्वतःच्या अंगणात उभी करून तिचा दोष हुडकण्याच्या आणि तो हाताशी असलेल्या साधनांनी दूर करण्याच्या कसबाची, दखल घेण्याचे राहून गेले आहे. हे कसब येथे रुजले याला कारण मोटारींची विपुलता नव्हते. गाड्या थोड्या, गावे लांब, साताऱ्याचे मोठे कारखाने दहिवडीपासून सुमारे ६० किलोमीटरवर आणि सुटे भाग त्याहून दूर, अशा परिस्थितीत ज्याची गाडी त्यानेच ती चालू करणे क्रमप्राप्त होते.

तथापि गरज असली म्हणून विद्या आपोआप येत नाही, आणि म्हणून या कसबाचे मूळ मोटारीच्याही आधी विहिरीवर शोधावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि त्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. आटपाडी हा त्याच औंध संस्थानचा भाग होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारा भागात सुरू केलेल्या आणि पुढे वालचंद समूहाकडे गेलेल्या कारखान्यातून नांगर व डिझेल इंजिने बाहेर पडू लागली, तर १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. बैलांनी ओढायची चामड्याची मोट हळूहळू मागे पडून तिच्या जागी ऑईल इंजिन, म्हणजे हँडल फिरवून चालू करायचे डिझेलवरचे पंपाचे इंजिन, विहिरीच्या काठावर येऊन बसले. ज्या प्रदेशात विहिरीचे पाणी दिवसातून थोडाच वेळ उपसता येते, तेथे इंजिन बंद पडणे म्हणजे ती पाळी बुडणे होय, आणि पाळी बुडाली की उभे पीक वाळते. त्यामुळे इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाने मान वर करावी, इतकी सावधता घरोघर अंगवळणी पडली. फिल्टर धुणे, नळीत अडकलेली हवा काढणे, नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा बारीक फवारा सोडणारे तोंड साफ करणे, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा बदलणे ही कामे शेतकऱ्याला नांगराचा फाळ शेवटून घेण्याइतकीच नित्याची झाली. चालत्या इंजिनाला एक टोक टेकवून पेचकसाची मूठ कानाला लावायची आणि आतली खडखड कोणत्या भागातून येते ते ओळखायचे, ही पुढे मोटारीवर सर्रास वापरली गेलेली रीतही या इंजिनांवर सरावाची झाली होती.

मोटार मात्र या प्रदेशात वाहतुकीचे साधन म्हणून प्रथम आली ती सर्व्हिस मोटारीच्या, म्हणजे ठरलेल्या मार्गावर उतारू नेणाऱ्या खाजगी गाडीच्या रूपाने. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण झाल्यावर देशभर अनेक गाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसविण्यात आली. अपुऱ्या हवेत लोणारी कोळसा जाळून निघणारा कार्बन मोनॉक्साईडयुक्त वायू गाळून इंजिनात सोडायचा, अशी ती योजना होती. या वायूचा जोर पेट्रोलपेक्षा बराच कमी असल्याने चढावर गाडी दमत असे, गाळणीत राख व काजळी साचली की इंजिन गुदमरत असे, आणि सकाळी निघण्यापूर्वी भट्टी पेटवून भाता फिरवीत बसावे लागे. हा काळ थोडा असला तरी शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा होता, कारण इंधन, हवा आणि ठिणगी यांचे प्रमाण बिघडले की इंजिन काय करते, हे ड्रायव्हर आणि त्याचा मदतनीस क्लीनर यांना रोज प्रत्यक्ष पाहावे लागले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत खाजगी सर्व्हिस मोटारी मागे हटल्या. एसटीने मोटारदुरुस्तीला आगार, वेळापत्रक आणि हुद्दे दिले. दहिवडीसारख्या आगारात हाताखाली काम केलेला माणूस गावी परतला की त्याच्या हातात पाना असे आणि त्याच्या बोलण्यात ‘सर्व्हिसिंग’ हा शब्द असे.

दुसरी शिकवण सैन्यातून आली. सातारा जिल्ह्याची सैनिकी परंपरा जुनी आहे, आणि १९४३ साली लष्कराच्या विद्युत व यांत्रिक अभियंता दलाची स्थापना झाल्यानंतर वाहनदुरुस्ती हा सैन्यातला स्वतंत्र, शिस्तबद्ध व्यवसाय झाला. चाचणीचा क्रम न मोडणे, काढलेला प्रत्येक नट ओळीने मांडून ठेवणे आणि एका वेळी एकाच गोष्टीत बदल करून पाहणे, या सवयी निवृत्त सैनिकांबरोबर गावात आल्या. विहिरीवरच्या इंजिनाने कान तयार केला आणि सैन्याने क्रम शिकविला, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. १९४७ पासून महिंद्रांनी देशात जुळविलेली जीप आणि १९५४ नंतर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समधून येऊ लागलेली फियाट ११०० या गाड्या अशा माणसांच्या हाती पडल्या, तेव्हा त्या उघडून पाहण्याची भीती त्यांना वाटली नाही.

त्या पेट्रोल गाड्यांची रचनाही घरी दोष शोधण्यास अनुकूल होती. गाडी चालू होत नसेल तर प्लगची वायर उपसून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोड्या अंतरावर धरायचे आणि स्टार्टर फिरवायचा. निळसर, जोरकस ठिणगी उडाली तर विजेची बाजू ठीक, ती पिवळट व दुबळी असली किंवा उडालीच नाही तर दोष कॉईल, कंडेन्सर किंवा पॉईंट यांत आहे असे समजायचे. पॉईंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतील उघडझाप करणारे दोन संपर्क. त्यांवर काजळी धरली की बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि त्यांतील फट, जी साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असावी लागते, ती मोजपट्टी नसल्यास अंदाजाने जोखायची. ठिणगी नीट असूनही इंजिन धरत नसेल तर कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाला, येणारी नळी सोडवून पेट्रोल पोहोचते की नाही ते पाहायचे. बाहेर काढलेला प्लग तर इंजिनाची सगळी हकीकत सांगत असे : टोक विटकरी तपकिरी असले तर ज्वलन योग्य, कोरडे काळे असले तर पेट्रोल जास्त, तेलकट काळे असले तर रिंगा झिजून ऑईल वर चढते आहे, आणि पांढरेफटक असले तर इंजिन प्रमाणाबाहेर तापते आहे. या निदानाला पेचकस, पक्कड, पान्यांचा एक संच आणि तास-दीड तास यांपलीकडे काही लागत नसे.

माणदेशातील मोटारीचा खरा आजार मात्र उष्णतेचा होता. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाची यात्रा भरते, त्या वेळी ऊन कडक असते आणि गाड्यांना घाट चढावा लागतो. ठासून भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू वर जाताना समोरून वारा लागत नाही आणि रेडिएटर, म्हणजे इंजिनातून तापून आलेले पाणी निवविणारी जाळी, अपुरी पडते. पाण्याच्या दुर्भिक्षाचा प्रदेश आणि पाण्यावर जगणारे यंत्र यांची ही गाठ होती. त्यातच येथील अनेक विहिरींचे पाणी मचूळ. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरून बसत आणि वरून स्वच्छ दिसणारी जाळी आतून निम्मी बुजलेली असे. म्हणून गाडीत पाण्याचा कॅन बाळगणे, शक्य तेव्हा पावसाचे साठविलेले पाणी भरणे, गरम रेडिएटरचे झाकण एकदम न उघडणे, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचे झाल्यास इंजिन संथ चालू ठेवून थोडे थोडे ओतणे, कारण एकदम ओतल्यास ओतीव लोखंडाचे हेड तडकते, हे नियम येथील मुलांना गाडी चालविण्याआधी पाठ होत असत. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबल्यावर बोटभर खाली जावा, त्याहून अधिक गेला तर तो घसरतो आणि पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात, ही तपासणीही त्यातलीच. जाळीला बारीक गळती लागली तर रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकण्याचा उपाय देशभर माहीत आहे. हळदीची मोठी पेठ असलेल्या सांगलीच्या जिल्ह्यात तो परका वाटण्याचे कारणच नव्हते. पूड भिजून फुगते आणि छिद्र काही काळ बंद होते, परंतु तीच पूड नळ्याही बुजविते, म्हणून गाव गाठल्यावर जाळी धुऊन पितळेला कथलाची झाळ देणे अपरिहार्य असे. पेट्रोलच्या टाकीची गळती ओल्या साबणाने लिंपण्याचा उपायही असाच घरापर्यंत पोहोचण्यापुरता होता. याच उन्हात इंजिनाला पेट्रोल पुरविणाऱ्या पंपापाशीच पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटे, तेव्हा त्या पंपावर ओले फडके गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे थांबणे एवढेच करायचे असे. पण कारण ठाऊक नसलेला माणूस त्या वेळी निष्कारण कार्ब्युरेटर खोलून बसे, आणि थंड झाल्यावर गाडी आपोआप चालू झाली की श्रेय त्या खोलण्याला देई.

पुढे डिझेल जीपांचा आणि त्यांच्याबरोबर वडापाचा, म्हणजे वेळापत्रकाविना गाडी भरली की सुटणाऱ्या प्रवासी जीपचा, काळ आला. या गाड्यांनी विहिरीवरचे जुने ज्ञान जसेच्या तसे कामाला लावले. टाकी रिकामी झाली किंवा नळीच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर झिजले की इंधनात हवा शिरते आणि इंजिन बंद पडते. मग फीड पंपाचे बटण हाताने दाबत हवा काढण्याचा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे संपून अखंड डिझेल येऊ लागले की तो आवळायचा. इंजिन अडखळत चालत असेल तर एकेका नोझलची नळी क्षणभर सैल करायची : चांगल्या सिलिंडरची नळी सैल केली की आवाज पडतो, बिघडलेल्याची केली तर काहीच फरक पडत नाही. धुराचा रंगही वाचला जाई; काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा धुळीने भरलेला एअर फिल्टर, निळसर म्हणजे जळणारे ऑईल, आणि गरम इंजिनातून सतत येणारा दाट पांढरा धूर, शिवाय ऑईल दुधाळ झालेले असेल तर हेड गॅस्केट फुटून पाणी आत शिरल्याचे लक्षण. एअर फिल्टरचा दोष माणदेशात वारंवार निघावा हे येथील फुफाटा पाहता उघडच आहे.

या परंपरेचे कौतुक करताना तिची उणी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ब्रेकच्या नळीला गुंडाळलेली ट्यूबची पट्टी, जळालेल्या फ्यूजच्या जागी पिळलेली तांब्याची तार, ब्रेक ऑईलऐवजी ओतलेले दुसरेच तेल हेही याच अंगणातले उपाय होते. रबराचे वॉशर खनिज तेलाने फुगतात आणि ब्रेक ऐन उतारावर निकामी होतो. जाड तारेमुळे फ्यूज वितळत नाही आणि सगळे वायरिंग पेटते. तात्पुरता उपाय आणि दुरुस्ती यांतील भेद जाणणारा तोच चांगला मिस्त्री, आणि हा भेद शिकविण्याचे काम पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार मेकॅनिक व डिझेल मेकॅनिक या अभ्यासक्रमांनी केले.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटर होता, म्हणून तिने या विद्येला फारसा धक्का दिला नाही. धक्का दिला तो प्रदूषणाच्या निकषांनी. २००० च्या सुमारास पेट्रोल गाड्यांत संगणकनियंत्रित इंधनफवारणी आली, भारत स्टेज ४ हे निकष २०१७ मध्ये आणि भारत स्टेज ६ हे २०२० मध्ये देशभर लागू झाले, आणि दोष सांगण्याचे काम डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे व स्कॅनर नावाच्या उपकरणाकडे गेले. स्कॅनर कोणत्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते ते सांगतो. ते प्लगमुळे, कॉईलमुळे की फवाऱ्यामुळे चुकते, याचा निवाडा अजूनही दोन सिलिंडरचे कॉईल आपसांत बदलून, म्हणजे एका वेळी एकच बदल करून, करावा लागतो. आधुनिक डिझेल इंजिनात मात्र नळी सैल करण्याची जुनी चाचणी वर्ज्य झाली आहे, कारण जुन्या नोझलला शे-दोनशे बार दाब पुरत असे, तर सामायिक नळीच्या नव्या रचनेत तो हजार बारच्या कितीतरी वर जातो आणि तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. त्याऐवजी प्रत्येक नोझलमधून टाकीकडे परतणारे डिझेल वेगवेगळ्या लहान बाटल्यांत धरून त्यांची पातळी ताडून पाहतात, आणि ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरेच अधिक डिझेल साचते तिचे नोझल झिजलेले असते.