पेट्रोलमधले शिसे आणि रस्त्याकडेची माती

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभागतो. एक वाट कळमनुरी-हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. अशा वाहत्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत विसाव्या शतकातील एक चूक साठून राहिली आहे. ती म्हणजे पेट्रोलमधले शिसे.

1921 च्या डिसेंबरात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना असे आढळले, की पेट्रोलमध्ये किंचित टेट्राएथिल लेड मिसळले तर इंजिनाचे ठोके थांबतात. शिसे विषारी असते, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. 1924 मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार दगावले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मिजलींनी पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातावर ओतून दाखवले! विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली आणि 1926 मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. चौकशीचा भर कामगारांवर होता. धुराबरोबर बाहेर पडणारे शिसे जाते कोठे, हा प्रश्न मागेच राहिला.

तो ऐरणीवर आणला क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने. अशनींतील शिशावरून पृथ्वीचे वय (सुमारे 455 कोटी वर्षे) काढताना बाहेरचे शिसे त्यांच्या नमुन्यांत सारखे शिरत असे. ते येते कोठून, याचा माग काढत 1965 मध्ये त्यांनी दाखवून दिले, की माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढले आहे.

आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल एप्रिल 1995 मध्ये चार महानगरांत आले. त्यामागे नव्या मोटारींतील उत्प्रेरकाचीही काळजी होती, कारण शिशाने तो निकामी होतो. देशभर बदल झाला तो 1 फेब्रुवारी 2000 पासून. शेवटचा देश अल्जीरिया. तेथे 2021 साल उजाडले.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: पुण्या-मुंबईच्या आणि वारंग्याच्या रस्त्याकडेच्या मातीत शिसे सारखेच असेल का? डिझेलमध्ये शिसे घालत नसत. म्हणजे एसटी आणि मालमोटारींनी ते पसरवले नाही. पसरवले स्कूटर, रिक्षा आणि मोटारींनी. त्यामुळे शहरांच्या वाट्याला ते अधिक आले, असा तर्क करता येतो. त्याची कसोटी मात्र मातीच्या तपासणीनेच लागेल.

कीटकनाशकाचे कालांतराने विघटन होते, शिशाचे होत नाही. ते मूलद्रव्यच आहे. काळ्या मातीतील चिकणकण आणि सेंद्रिय अंश त्याला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे ते सहसा खोल मुरत नाही, वरच्या काही सेंटीमीटरांतच राहते. पावसात मातीबरोबर ओढ्यात जाते, उन्हाळ्यात धुळीबरोबर उडते. धुळीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक, कारण त्यांचे आतडे मोठ्यांपेक्षा अधिक शिसे शोषते आणि त्यांचा मेंदू वाढत असतो.

आणि रस्ता रुंद करायचा झाला की सर्वांत आधी उचलली जाते ती हीच वरची माती. ती बहुधा जवळच्याच एखाद्या भरावात पडते.