जन्मसमूह अभ्यास

ठरावीक भागात, ठरावीक मुदतीत जन्मलेल्या मुलांची नोंद करून त्यांची तब्येत पुढे वर्षानुवर्षे, शक्य झाल्यास म्हातारपणापर्यंत, ठरल्या टप्प्यांवर तपासत राहण्याची संशोधनपद्धती. वैद्यकात तिला ‘बर्थ कोहॉर्ट’ म्हणतात. आजार जडल्यावर रोग्याला मागचे विचारत बसायचे नाही, तर आजार यायच्या आधीपासून माणसाच्या मागोमाग चालायचे, हे तिचे वेगळेपण.

मागचे विचारून किती हाती लागते, हे सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात चांगले कळते. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत ‘बहात्तरच्या दुष्काळातला जन्म’ असे सांगणारी माणसे आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत, म्हणजे साखर आणि रक्तदाब डोके वर काढतात त्या वयात आहेत. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, घरात मदतीतली मिलो ज्वारी आणि सुकडी होती, एवढे त्यांना घरच्यांकडून ऐकून ठाऊक असते. पाटणकडे जन्मसाल कोयनेच्या भूकंपावरून (११ डिसेंबर १९६७) काढले जाते. साल असे सापडते, पण जन्मावेळचे वजन सापडत नाही. बहुतेक बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून होत. बाळ तोलून आकडा लिहून ठेवण्याची रीत नव्हती.

इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात ती होती. तिथल्या सुइणी आणि आरोग्यसेविका १९११पासून बाळाचे जन्मवेळचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वह्यांत लिहीत. डेव्हिड बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांच्या नोंदी मृत्युनोंदींशी ताडून पाहिल्या. पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी भरले होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त निघाले (१९८९). प्रौढपणीच्या रोगाचे मूळ गर्भात आणि तान्हेपणी शोधण्याच्या विचाराला इथून बळ मिळाले. मुद्दाम आखलेल्या अभ्यासांत ब्रिटनमधला १९४६चा सर्वांत दीर्घ चाललेल्यांपैकी एक आहे. त्या वर्षीच्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ जणांचा मागोवा त्यांच्या सत्तरीनंतरही चालू राहिला. दिल्लीतला भारतीय जन्मसमूह १९६९ ते १९७२ मधला आहे.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे पुणे मातृपोषण अभ्यास. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक यांनी तो १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केला. साउदॅम्प्टनचा बार्कर यांचा गट आणि आघारकर संशोधन संस्थेतील शोभा राव सोबत होत्या. दिवस राहिल्यावर नाव नोंदवायचे, तर सुरुवातीचे काही आठवडे हातचे जातात. म्हणून लग्न झालेल्या, गरोदर नसलेल्या बायकांची आधी मोजमापे घेतली आणि पाळी चुकण्यावर लक्ष ठेवले. खाणे, अंगमेहनत, रक्त, सोनोग्राफी आणि बाळ जन्मल्यावर त्याची मापे असा तो क्रम होता.

गरोदर होण्यापूर्वी या बायकांचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच. पुढची मापे मात्र बुचकळ्यात टाकणारी होती. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटाच्या घेराने बरीच लहान होती, पण खवाट्याखालच्या कातडीची घडी चिमट्यात धरून मोजली, तर तिथली चरबी फारशी घटलेली नव्हती. बाळ हडकुळे दिसते आणि चरबी राखून असते. याज्ञिक यांनी २००३ मध्ये त्याला ‘किडकिडीत पण चरबीदार’ अशा अर्थाचे नाव दिले. प्रौढांतला हाच प्रकार दाखवायला त्यांनी दुसऱ्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच नमुना छायाचित्रासह मांडला. लंडनचे जॉन युडकिन आणि ते, दोघांचाही देहभारांक २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वैद्यकातल्या शंभर तक्त्यांनी जे पटले नसते, ते या एका छायाचित्राने पटवले.

आईच्या आहारातही ठरीव समजूत टिकली नाही. बाळाचा आकार उष्मांक किंवा प्रथिनांवरून सांगता येईना. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध घेणाऱ्या आयांची बाळे मोठी होती. शेतकाम आणि पाणी भरण्यासारखे कष्ट जास्त, तिथे बाळ लहान. रक्तात फोलेटची उणीव जवळपास नव्हती, पण सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते प्राणिज अन्नातूनच मिळते, आणि मांस क्वचित, दूध बहुधा डेअरीला, अशा घरांत येणार कुठून? मुले सहा वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली.

बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासण्या झाल्या. अठराव्या वर्षी ६१९ जण तपासले गेले. त्यांतले ४८ टक्के वजनाने कमी होते, तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर बिघडायला लागली होती. सुटलेले पोट बघून मधुमेह ओळखण्याची सवय असलेल्या दवाखान्यात ही मुले कुणाच्या नजरेतही भरली नसती. याच मुलामुलींना २०१२पासून लग्नाआधी बी-१२ देऊन पुढच्या पिढीवरचा परिणाम पाहणारा ‘प्रिया’ हा प्रयोग झाला. मात्र १९९४ ते १९९६ मध्ये जन्मलेला हा समूह आता कुठे तिशीत आहे. उतारवयाबद्दल त्याला अजून काही सांगता येणार नाही.

सातारा जिल्ह्याला लागून, कुंभार्ली घाट उतरल्यावर चिपळूण तालुक्यात डेरवणला असाच एक अभ्यास सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींपासून सुरू करण्यात आला आहे. म्हणजे समूहाची सुरुवात जन्माच्या आणखी मागे सरकली.

प्रयोगशाळेपेक्षा पत्ता अवघड, हे अशा कामातले जुने दुखणे आहे. एकदा तपासलेला माणूस सहा वर्षांनी पुन्हा गाठावा लागतो, आणि जे हाती लागत नाहीत ते बहुधा एकाच तऱ्हेचे असतात. त्यामुळे उरलेल्यांची सरासरी फसवी होते. सातारा-सांगलीकडे गावे स्थिर वाटतात, घरे नसतात. जावळी-पाटणची माणसे माथाडी कामाला मुंबईत, खानापूर-आटपाडीकडची गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर. हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यांच्या बायकांची गरोदरपणाची तपासणी एका जिल्ह्यात, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात आणि बाळाचे लसीकरण तिसरीकडेच होऊ शकते.

त्यातच पहिले बाळंतपण माहेरी. सासर कराड तालुक्यात आणि माहेर जतकडे असले, तर बाळाची जन्मनोंद जिथे ते जन्मले तिथे होते, आणि सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी आई त्याला घेऊन दुसऱ्याच गावच्या अंगणवाडीत येते. म्हणून इकडे जन्मसमूहाची यादी जन्मनोंदीवरून करून चालत नाही; आई गरोदरपणी कुठे नांदत होती त्यावरून करावी लागते, आणि बाळाचे वजन वेळेत मिळावे म्हणून काटा घेऊन माहेरच्या गावी जावे लागते.