खाजन शेती

खाजन शेती ही गोव्यातील भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीवर सामुदायिक व्यवस्थापनाखाली केली जाणारी पारंपरिक शेती आहे. नदीमुखालगतच्या दलदली व खारफुटीच्या जमिनी बांध घालून लागवडीखाली आणल्याने खाजने तयार झाली. त्यांत भातशेती, मत्स्योत्पादन व काही ठिकाणी मिठागरे एकत्र आढळतात. गोव्यातील खाजनांचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर मानले जाते. मांडवी व झुआरी नद्यांच्या काठची तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी तालुक्यांतील खाजने विशेष परिचित आहेत.

रचना

खाजनातील बरीचशी जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. तिचे रक्षण माती, जांभा दगड व गवताच्या पेंढ्याने बांधलेले बांध करतात. बांधात 'मानस' नावाचे जलद्वार असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्याची लाकडी झडप बंद होते. ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने ती उघडते व साचलेले पाणी नदीत जाते. मानसाच्या आतील बाजूस 'पोंय' हा सखल जलाशय असतो. त्यात जादा पाणी साठते आणि मासे व कोळंबी वाढतात.

पिके व उत्पन्न

पावसाळ्यात गोड्या पाण्याने जमिनीतील क्षार धुतले गेल्यावर भाताची लागवड होते. 'कोरगुट' हा येथील प्रसिद्ध क्षारसहनशील स्थानिक वाण आहे. तो उंच वाढत असल्याने साचलेल्या पाण्यातही तग धरतो, मात्र त्याचे उत्पादन तुलनेने कमी असते. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने कोरगुटातून निवड करून 'गोवा धान' मालिकेतील वाण विकसित केले आहेत. मानसाजवळील मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो व परंपरेने त्याचे उत्पन्न सामुदायिक कामांसाठी वापरले जात असे.

व्यवस्थापनाचा इतिहास

खाजनांचे व्यवस्थापन पोर्तुगीज राजवटीपूर्वीपासून गावकरी या ग्रामसंस्थेकडे होते. अफोंसो मेक्सिया याने १५२६ मध्ये तयार केलेल्या सनदेत गावकऱ्यांच्या रूढी नोंदवल्या आहेत. पुढे या संस्था 'कोमुनिदाद' या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. बांधांची देखरेख व दुरुस्ती ही त्यांची जबाबदारी होती. गोवा मुक्तीनंतर १९६४ च्या कृषी कूळ कायद्यामुळे कुळांना संरक्षण मिळाले आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यांना मालकी हक्क मिळण्याचा मार्ग खुला झाला. या बदलांबरोबर बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे आली.

समस्या

खाजनात प्रत्येक शेत समान बांधावर अवलंबून असते. त्यामुळे एका ठिकाणी बांध फुटल्यास खारे पाणी संपूर्ण खाजनात शिरते व काळजीपूर्वक शेती करणाऱ्यांचेही पीक बुडते. नदीतील बार्जच्या लाटांमुळे होणारी धूप, दुरुस्तीतील दिरंगाई, मजुरांची टंचाई आणि मत्स्योत्पादनासाठी मुद्दाम खारे पाणी घेणे ही बांध कमकुवत होण्याची व शेती सोडली जाण्याची कारणे आहेत. मासेमारीचा लिलाव भातापेक्षा अधिक लाभदायक ठरल्यास लिलावधारक व भातशेतकरी यांच्या हितसंबंधांत विरोध निर्माण होतो. पडीक राहिलेल्या खाजनात खारफुटी वाढते. तिला कायद्याचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे कठीण होते. भराव टाकून बांधकाम करणे व समुद्रपातळीतील वाढ हेही धोके आहेत.

संवर्धन

२०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी विशेष तरतुदी आहेत. त्यानुसार खाजनांचे व्यवस्थापन आराखडे तयार करणे अपेक्षित असून तेथे विकासकामांना मनाई आहे. बांध दुरुस्तीसाठी राज्याच्या कृषी खात्याकडून साहाय्य दिले जाते. मात्र मानसाची रोजची देखभाल आणि लहान भगदाडे वेळीच बुजवणे ही कामे स्थानिक शेतकऱ्यांनाच करावी लागतात. म्हणून खाजनांचे संवर्धन कूळ संघांच्या कार्यक्षमतेशी जोडलेले आहे.

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर अशा जमिनींना खारभूमी म्हणतात. तेथे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षारसहनशील भाताचे वाण विकसित केले आहेत.