कोल्हापूरची ‘सैरंध्री’

अतिमानवी बळाचे, परंतु स्वभावानें सदोष असे वीर पडद्यावर आणण्याचें श्रेय पाश्चात्य चित्रपटांस देण्याची हल्लीं रीत पडली आहे. महाभारत ठाऊक असणाऱ्या वाचकांस मात्र ही कल्पना नवी वाटण्याचें कारण नाहीं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं ती १९२० सालींच मूकपटांत उतरविली होती. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा पहिलाच चित्रपट तो.

विराटाच्या घरीं अज्ञातवासांत असलेले हे वीर कसे? द्यूतांत सर्वस्व हरविणारा धर्मराज पत्नीचा भरसभेंत अपमान होत असतां प्रतिज्ञेकडे पाहून मुकाट बसतो; भीम सूड घेतो खरा, पण संतापाच्या भरांत सर्वांचेंच गुपित पणास लावतो. एकाचा संयम भ्याडपणाच्या सीमेवर, तर दुसऱ्याचा पराक्रम अविचाराच्या! खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ नाटकांत लोकांनीं याच दोघांस मवाळ व जहाल म्हणून ओळखलें, कीचकांत कर्झनसाहेब पाहिले. आणि १९१० मध्यें सरकारनें त्या नाटकावर बंदी घातली. तीच कथा दहा वर्षांनीं पडद्यावर आली, तेव्हां प्रेक्षक तिच्याकडे केवळ पुराण म्हणून पाहत नव्हते.

दृश्यांची करामतही तशीच. बाबूराव व त्यांचे बंधु आनंदराव हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. आनंदराव १९१६ मध्यें निवर्तले. त्यांनीं आरंभिलेला स्वदेशी कॅमेरा बाबूरावांनीं सहकाऱ्यांसह पुरा केला. पडदे रंगविणाऱ्या या हातांनींच सपाट पडदा दूर सारून, पात्रें खरोखर वावरतील असें भरीव नेपथ्य उभें केलें. कंपनीस तानीबाई कागलकरांनीं द्रव्यसाहाय्य केलें. स्त्रियांनीं पडद्यावर येणें कमीपणाचें मानलें जात असतां येथें स्त्रीभूमिका स्त्रियांनींच केल्या. बाळासाहेब यादवांचा भीम कीचकास मारतो तो प्रसंग इतका हुबेहूब वठला कीं, प्रेक्षक हादरले व तो पुढें गाळावा लागला. लोकमान्यांनीं बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

नुसतें बळ पाहावयाचें तर कोल्हापुरांत तालमी होत्या, खासबागेचें मैदान होतें. पुढच्या डावाची उत्कंठा तेथेंही असे. पण बळ असूनही हा मनुष्य कोठें चुकेल, ही धास्ती ‘सैरंध्री’नें लावली. आज तो चित्रपट उपलब्ध नाहीं. तरी वीरांच्या दोषांवर पांघरूण न घालतां त्यांस भव्य करून दाखवितां येतें, हा त्याचा धडा आजच्या चित्रकर्त्यांनींही गिरवावा, असें आम्हांस वाटतें.