बीभत्स रस

संस्कृत साहित्यशास्त्रातील एक रस. जुगुप्सा, म्हणजे किळस, हा याचा स्थायीभाव. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात सांगितलेल्या आठ रसांत याची गणना असून याचा वर्ण नील व देवता महाकाल मानली आहे. अंग आक्रसणे, नाक मुरडणे, थुंकणे, ओकारी येणे हे याचे अनुभाव होत. रक्त-आतड्यांच्या दर्शनाने उपजणारा तो क्षोभज आणि विष्ठा-कृमींच्या दर्शनाने उपजणारा तो उद्वेगी, असा भेदही भरताने केला आहे. भयानक रसाची उत्पत्ती भरत बीभत्सापासूनच मानतो.

या रसाचे सर्वमान्य उदाहरण भवभूतीच्या मालतीमाधवातील पाचव्या अंकात आहे. मालतीच्या प्राप्तीविषयी निराश झालेला माधव पिशाचांना नरमांस विकण्यासाठी रात्री स्मशानात जातो, तेव्हा एक भुकेले पिशाच प्रेताचे कातडे सोलून खांद्यापाठीवरचे सुजलेले, दुर्गंधी मांस आधी संपवते आणि मग सांगाडा मांडीवर घेऊन सांध्यांच्या खाचांत अडकलेले उरलेसुरले मांसही अगदी स्वस्थपणे कोरून खाते. हा स्वस्थपणाच अंगावर शहारे आणतो. विदर्भातील पद्मपूरच्या या कवीची खरी प्रतिभा मला त्यातच दिसते. मम्मटाने काव्यप्रकाशात बीभत्साच्या उदाहरणासाठी हाच श्लोक घेतला आहे.

त्याच मम्मटाने अश्लीलता हा दोष सांगताना व्रीडा व अमंगल यांच्याबरोबर जुगुप्सेचीही नोंद केली आहे. यात विसंगती नाही. भलत्या प्रसंगी एखाद्या शब्दातून किळसवाणा अर्थ डोकावला, तर रसभंग होतो. परंतु विभाव (भाव जागवणारी कारणे) व अनुभाव (त्याची बाह्य लक्षणे) यांच्या आधाराने तीच किळस पोसली गेली, म्हणजे रसपदवीस पोचते. किळसवाण्या तपशिलांची निव्वळ जंत्री या पदवीस कधीच पोचत नाही.

मराठीत समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील पहिल्या समासात गर्भवासाचे मलमूत्रजंतूंसह जे वर्णन केले आहे, त्याचा हेतू श्रोत्यास देहासक्तीपासून परावृत्त करण्याचा, अर्थात वैराग्याचा आहे. आधुनिक काळात कवी मर्ढेकरांच्या, ओल्या पिंपात मेलेल्या उंदरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा व किळसवाणेपणाचा आक्षेप पुष्कळांनी घेतला. वस्तुतः तिथली किळस करुणेच्या सेवेस रुजू झालेली आहे, आणि केवळ उंदीर दिसले म्हणून त्या कवितेकडे पाठ फिरवणे हा कवीवर उघड अन्याय आहे.