खर्चाची सूट आणि खर्चाची मर्यादा

अकोल्यात काय नि अमरावतीत काय, म्युच्युअल फंडात पैसे घालणाऱ्यांचा एक समज पक्का आहे : कंपनीने खर्चात सूट दिली की फंड स्वस्त. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. नवा, लहान फंड शुल्क कमी ठेवतो तेव्हा गुंतवणूकदाराचे पैसे खरोखरच वाचतात. जादा शुल्कापोटी दहा लाखांवर वीस वर्षे दरसाल 11 ऐवजी 10 टक्के सुटले, तर 80 लाखांच्या जागी 67 लाख हाती येतात.

पण हिशेब वीस वर्षांचा, आणि सूट किती दिवसांची? सेबीच्या फेब्रुवारी 2018 च्या परिपत्रकानुसार मूळ खर्चाचा दर वाढवायचा तर कामकाजाचे तीन दिवस आधी ईमेल किंवा एसएमएस धाडला की झाले. तीन दिवस! अमेरिकेत सूट पुष्कळदा लेखी करारात असते, बहुधा वर्षभराची. मात्र माफ केलेली रक्कम तीन वर्षांच्या आत फंडाकडून वसूल करण्याची मुभाही अनेक करारांत असते. याला माफी कशी म्हणायची? ही तर उधारी.

खर्चाला खरा लगाम घालतो तो नियम. एप्रिल 2019 पासून शेअर योजनांना पहिल्या 500 कोटींवर 2.25 टक्क्यांची कमाल मर्यादा आली, आणि योजना फुगेल तशी ती उतरत 50 हजार कोटींपलीकडे 1.05 वर आली. त्यात कंपनीच्या मर्जीचा प्रश्न नव्हता.

नियम चुकतात, हा आक्षेप मान्य. अकोल्यासारख्या, पहिल्या तीस शहरांबाहेरच्या गावांतून पैसा आणला म्हणून 0.30 टक्के जादा घेण्याची परवानगी होती, आणि तो भार त्या योजनेतल्या सगळ्यांवर पडे, मुंबईकरावरही. गैरवापर दिसल्यावर मार्च 2023 पासून सेबीने ती स्थगित केली. चूक झाली ती उघड नियमात, म्हणून तिच्यावर बोट ठेवता आले. कापसाचा बाजार 1897 च्या कायद्याखाली आलेला पाहिलेल्या वऱ्हाडाला मर्जी आणि नियम यांतला हा फरक निराळा समजावून सांगायला नको.

सूटच मोजायची हौस असेल, तर आधी 1 जानेवारी 2013 पासून मिळणारा डायरेक्ट प्लॅन पाहावा. त्यात वितरकाचे कमिशन धरायचेच नाही असा नियम आहे. त्यामुळे तिथला कमी दर कंपनीला तीन दिवसांच्या एसएमएसवर कमिशन धरणाऱ्या रेग्युलर प्लॅनच्या पातळीला नेता येत नाही.